'नाइस' : एका इंग्रजी विशेषणाचे अर्थ, पर्यायी शब्द व अध्यापन

इंग्रजीच्या वह्या तपासताना एक विशेषण शिक्षकांच्या दृष्टीस वारंवार पडते. ते म्हणजे 'नाइस'. 'माझे गाव' या विषयावर आठ-दहा ओळी लिहावयास सांगितल्या, की 'माय व्हिलेज इज नाइस' या वाक्याने आरंभ होतो. पुढे गावची नदी नाइस, शाळा नाइस, गुरुजी नाइस, मित्र नाइस आणि जत्रेतील जिलबीही नाइस ठरते. या वाक्यांत व्याकरणाची चूक नसते. शब्दलेखनही बहुधा बरोबर असते. त्यामुळे तांबडी शाई चालविण्यास जागा सापडत नाही. तथापि सर्व ओळी वाचून झाल्यावर ते गाव कसे आहे, हे काही केल्या कळत नाही. सह्याद्रीच्या पायथ्याचे गाव आणि गोदाकाठचे गाव यांचे वर्णन एकाच शब्दात उरकले जाते.

महाराष्ट्रात मराठी माध्यमाच्या शाळांतून २००० सालापासून इयत्ता पहिलीपासून इंग्रजी शिकविले जाते. 'नाइस' हा शब्द त्यामुळे अगदी कोवळ्या वयात मुलांच्या कानी पडतो. तो उच्चारास सोपा, लिहिण्यास आखूड आणि कोणत्याही नामापुढे निर्वेधपणे बसणारा आहे. हीच त्याची सोय आणि हाच त्याचा धोका. म्हणून या शब्दाचे रूप, त्याचा पूर्वेतिहास, त्याचे आजचे अर्थ, त्याच्या जागी वापरता येणारे शब्द आणि वर्गात तो शिकविण्याची रीत यांचा क्रमाने विचार करणे उपयुक्त ठरेल.

१. रूप व उच्चार

या शब्दात एन, आय, सी व ई अशी चार अक्षरे आहेत. शेवटच्या 'ई'चा उच्चार होत नाही. पण तिच्यामुळे दोन गोष्टी घडतात. मागील 'आय' या स्वराचा उच्चार 'इ' असा न होता 'आइ' असा होतो, आणि 'सी' या व्यंजनाचा उच्चार 'क' असा न होता 'स' असा होतो. याच घडणीचे राइस, आइस, माइस, प्राइस, स्लाइस, स्पाइस व ट्वाइस हे शब्द फळ्यावर एकाखाली एक लिहून दाखविल्यास मुलांना नियम सांगावा लागत नाही. तो त्यांना दिसतो.

पुतणी किंवा भाची या अर्थाचा इंग्रजी शब्द 'नीस' हा निराळा असून त्याचे शब्दलेखनही निराळे आहे. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरील एका शहराचे नाव मात्र 'नाइस'प्रमाणेच लिहिले जाते, पण त्याचा उच्चार 'नीस' असा होतो. नकाशा शिकविताना हा भेद लक्षात ठेवावा.

मराठीत 'चांगला, चांगली, चांगले' असे विशेषण नामाच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते. 'नाइस' तसे बदलत नाही. 'छान मुलगा, छान मुलगी, छान मुले' यांतील 'छान'सारखे ते अविकारी आहे. तुलनेची रूपे 'नाइसर' व 'नाइसेस्ट' अशी होतात.

येथे एका नेहमीच्या चुकीकडे लक्ष वेधणे अवश्य आहे. 'फूल छान दिसते' या मराठी वाक्यात 'छान' हे क्रियाविशेषणासारखे वाटते. म्हणून काही विद्यार्थी 'द फ्लॉवर लुक्स नाइसली' असे लिहितात. लुक, स्मेल, टेस्ट व फील ही क्रियापदे 'दिसणे', 'वास येणे', 'चव लागणे' व 'स्पर्शास जाणवणे' या अर्थांनी आली असता त्यांच्यापुढे इंग्रजीत विशेषण येते. म्हणून 'द फ्लॉवर लुक्स नाइस' हेच शुद्ध होय. उलट 'शी सिंग्ज नाइसली' येथे गाण्याची रीत सांगितली असल्यामुळे 'नाइसली' हे क्रियाविशेषण योग्य आहे.

२. शब्दाचा प्रवास

आज पसंतीदर्शक असलेला हा शब्द जन्मतः निंदाव्यंजक होता, हे ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. लॅटिन भाषेत 'स्कीरे' म्हणजे जाणणे. त्यास 'ने' हे नकारदर्शक पद लागून 'नेस्कियुस' हा शब्द बनला. त्याचा अर्थ न जाणणारा, अज्ञ. हे 'ने' आपल्या संस्कृतातील 'न'चे सगोत्र आहे. याच 'स्कीरे' धातूपासून ज्ञान या अर्थाचा शब्द निघाला व त्यातून इंग्रजीतील 'सायन्स' आला. म्हणजे 'सायन्स' व 'नाइस' हे एकाच मुळाचे फाटे असून, एकात जाणणे आहे आणि दुसऱ्यात न जाणणे आहे.

लॅटिनमधून हा शब्द जुन्या फ्रेंच भाषेत 'मूर्ख' या अर्थाने उतरला. १०६६ साली नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर तेथील दरबारात व न्यायालयात फ्रेंच भाषेचा अंमल बसला आणि सहस्रावधी फ्रेंच शब्द इंग्रजीत शिरले. 'नाइस' हा त्यांपैकीच एक. सुमारे १३०० सालच्या इंग्रजी लेखनात तो 'मूर्ख, अडाणी' या अर्थाने आढळतो. १४०० साली निवर्तलेला महाकवी चॉसर यानेही तो या अर्थाने योजला आहे. त्या काळी एखाद्यास 'नाइस' म्हणणे हा गौरव नसून उपमर्द होता.

पुढील तीन-चार शतकांत या शब्दाने अनेक वळणे घेतली. मूर्खासारखा छानछोकी करणारा, नखरेल. मग फार नाजूक, सहज दुखावणारा. मग खाण्यापिण्यात व वागण्यात चोखंदळ. आणि चोखंदळ मनुष्य बारकावे पाहतो म्हणून सूक्ष्म, नेमका. या पायऱ्या जिन्याप्रमाणे एकावर एक आल्या असे मात्र नाही. पुष्कळदा तीन-चार अर्थ एकाच काळी शेजारी शेजारी नांदत होते. शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' या नाटकात तर हा शब्द 'क्षुल्लक' या अर्थाने आला आहे. तेथे 'नाइस' भांडण म्हणजे छान भांडण असा अर्थ करणाऱ्या वाचकाची पुरती फसगत होईल.

१७५५ साली सॅम्युएल जॉन्सन याचा सुप्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध झाला. त्यात या शब्दाचे अर्थ प्रामुख्याने काटेकोर, सूक्ष्म, नाजूक व चोखंदळ असे दिलेले आहेत. चोखंदळ माणसास जे रुचते ते उत्तमच असणार, या वाटेने 'रुचणारे, सुखकर' हा अर्थ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाला आणि बघता बघता इतर सर्व अर्थांना मागे सारून पुढे आला.

तो इतका बोकाळला की १८१७ सालाच्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या जेन ऑस्टेनच्या 'नॉर्थअँगर ॲबी' या कादंबरीत त्याची थट्टा आढळते. नायिका एका कादंबरीस 'नाइस' म्हणते. तेव्हा नायक मिस्कीलपणे ती स्तुती पुस्तकाच्या बांधणीस लावून घेतो. मग तो दाखवून देतो की, आजचा दिवस, आपले फिरणे, सोबतच्या तरुणी या साऱ्यांना हाच एक शब्द पुरतो. पूर्वी तो टापटीप, औचित्य किंवा सूक्ष्मता दाखवीत असे आणि आता कोणत्याही विषयावरील कोणतीही स्तुती त्यात बसते. १९२६ साली इंग्रजी प्रयोगांचा कोश रचणारा फाउलर यानेही या शब्दाचा नेमका अर्थ राखावा, असाच आग्रह धरला. म्हणजे आज प्राथमिक शाळेच्या वहीत दिसणारे हे दुखणे खुद्द इंग्लंडातही दोनशे वर्षांचे जुने आहे.

३. मराठीतील दाखले

शब्दांचे अर्थ पालटतात ही गोष्ट मराठी शिक्षकास नवी नाही. संस्कृतात 'शिक्षा' म्हणजे शिकणे, अध्ययन. हिंदीत हा अर्थ आजही चालू आहे. मराठीत मात्र शिक्षा म्हणजे दंड. संस्कृतात 'राग' म्हणजे रंग, अनुराग, आसक्ती. मराठीत राग म्हणजे क्रोध. प्राचीन धर्मशास्त्रात 'साहस' हे बलात्काराने केलेल्या अपराधाचे नाव होते. आज साहसी मुलाचा सत्कार होतो. 'साहस' हा शब्द 'नाइस'प्रमाणेच निंदेकडून स्तुतीकडे गेला आहे. उलट दिशेचाही दाखला आहे. 'बरेवाईट' या जोडशब्दात 'बरे' म्हणजे चांगले. पण 'निकाल बरा लागला' असे म्हटले की ऐकणारा समजतो की निकाल मध्यमच आहे.

यावरून शिक्षकाने एवढे ध्यानात घ्यावे की, इंग्रजी शब्दापुढे एक मराठी प्रतिशब्द लिहून दिला म्हणजे अर्थ शिकविला असे होत नाही. शब्दाचा अर्थ त्याच्या वापरात असतो, आणि वापर वाक्यात दिसतो.

४. आजचे अर्थ

प्रचलित इंग्रजीत 'नाइस' या शब्दाचे पुढील अर्थ आढळतात.

(अ) सुखकर, आवडण्याजोगे. 'वी हॅड अ नाइस डे.' आमचा दिवस आनंदात गेला. हा अर्थ सर्वांत अधिक प्रचलित आहे.

(आ) प्रेमळ, गोड स्वभावाचा. 'ही वॉज नाइस टू मी.' तो माझ्याशी चांगला वागला.

(इ) शिष्ट, सभ्य. 'दॅट इज नॉट अ नाइस वर्ड.' तो शब्द चारचौघांत बोलण्याजोगा नाही.

(ई) सूक्ष्म, बारीक. 'अ नाइस डिस्टिंक्शन' म्हणजे छान भेद नव्हे, सूक्ष्म भेद. 'अ नाइस पॉइंट ऑफ लॉ' म्हणजे कायद्यातील बारकाव्याचा मुद्दा. जुना अर्थ येथे टिकून आहे. 'नाइसिटी' या नामातही तोच आहे. त्याचा अर्थ बारकावा. चांगुलपणा या अर्थी नाम हवे असल्यास ते 'नाइसनेस' होय.

(उ) औपरोधिक. 'धिस इज अ नाइस मेस!' मराठीतही सांडलेली शाई पाहून 'छान! चांगला पराक्रम केलास' असे म्हटले जाते. बोलणाराचा स्वर ऐकल्याखेरीज हा अर्थ कळत नाही, म्हणून तो लेखी परीक्षेपेक्षा तोंडी पाठात अधिक चांगला समजतो.

(ऊ) दुसऱ्या विशेषणास जोर देणारा. 'नाइस अँड कूल', 'नाइस अँड वॉर्म' यांत दोन निरनिराळे गुण सांगितलेले नसतात. पाणी हवे तसे गार आहे, अंथरूण हवे तसे ऊबदार आहे, एवढाच आशय असतो.

प्राथमिक वर्गांत (अ), (आ) व (इ) हे अर्थ पुरेसे आहेत. (ई) हा अर्थ मुलांना शिकविण्याची घाई नको. तथापि शिक्षकास तो ठाऊक असावा, अन्यथा वृत्तपत्रातील किंवा पुस्तकातील वाक्याचा अनर्थ होतो.

५. पर्यायी शब्द व त्यांतील भेद

पर्यायी शब्द म्हणजे एकाच्या जागी दुसरा सरसकट ठेवता येईल असे शब्द नव्हेत. प्रत्येकाची जागा ठरलेली असते.

'नाइस' व 'गुड' : यांतील भेद सर्वांत महत्त्वाचा आहे. 'गुड' हा शब्द वस्तूच्या अंगच्या गुणाबद्दल किंवा उपयुक्ततेबद्दल बोलतो. 'नाइस' हा बोलणाराच्या आवडीबद्दल बोलतो. धार उत्तम असलेली सुरी 'गुड' असते. मूठ नक्षीदार असलेली सुरी 'नाइस' असू शकेल, मग तिने कांदा चिरला जावो वा न जावो. रोग बरा करणारा वैद्य 'गुड'. गोड बोलणारा वैद्य 'नाइस'. दोन्ही गुण एकत्र असले तर उत्तमच, पण आजाऱ्यास प्रथम कोणता हवा हे सांगावयास नको.

'काइंड' : दुसऱ्याच्या गरजेस धावून जाणारा, दयाळू. 'नाइस' मनुष्याची सोबत आवडते. 'काइंड' मनुष्याची कृती उपयोगी पडते. एखादे गुरुजी कडक असतील, मुलांना ते 'नाइस' वाटत नसतील. पण शाळा सुटल्यावर मागे पडलेल्या मुलास तासभर शिकविणारे तेच असतील, तर ते 'काइंड' होत.

'पोलाइट' व 'फ्रेंडली' : 'पोलाइट' म्हणजे रीतीने बोलणारा, विनयशील. 'फ्रेंडली' म्हणजे मनमिळाऊ. 'नाइस' म्हटल्याने या दोहोंपैकी काय अभिप्रेत आहे ते कळत नाही.

'प्लेझंट' : हवा, प्रवास, सायंकाळ, आवाज यांना शोभणारा शब्द. मराठीत प्रसन्न, आल्हाददायक. 'अ‍ॅग्रीएबल' हा त्याच अर्थाचा, पण अधिक ग्रांथिक आहे.

'टेस्टी' व 'डिलिशस' : फक्त खाण्यापिण्याच्या पदार्थांना. 'डिलिशस'मध्येच पराकाष्ठा असल्यामुळे त्याच्यामागे 'व्हेरी' लावण्याची सहसा गरज पडत नाही.

'ब्युटिफुल', 'प्रिटी', 'लव्हली' : तिन्ही मुख्यतः रूपाविषयी. 'ब्युटिफुल' सर्वांत भारदस्त असून डोंगर, सूर्यास्त व गीत यांनाही लागतो. 'प्रिटी' लहान, नाजूक गोष्टींस शोभतो : फूल, झबले, लहान मुलगी. 'लव्हली'मध्ये पाहणाराची माया मिसळलेली असते.

'नीट' : वही, अक्षर, खोली, पोशाख यांना. हा शब्द मराठीतील 'नीट' या शब्दाशी उच्चाराने व अर्थाने जुळतो, म्हणून मुलांच्या सहज ध्यानी राहतो. दोघांचे कूळ मात्र वेगळे आहे; इंग्रजी 'नीट' लॅटिनमधून फ्रेंचमार्गे आलेला आहे.

'इंटरेस्टिंग' : गोष्ट, पुस्तक, धडा यांना. मराठीत रंजक, वाचनीय.

'फाइन' : हवेला, कलाकुसरीला, प्रकृतीला. हाच शब्द नाम म्हणून आला तर दंड असा अर्थ होतो. बारीक दळलेले पीठही 'फाइन' असते.

'सटल', 'डेलिकेट', 'प्रिसाइज' : 'सूक्ष्म' या जुन्या अर्थाच्या जागी. हे वरच्या वर्गांसाठी.

विरुद्धार्थी शब्दही विशेष्याप्रमाणे बदलतात. हवेसाठी 'अनप्लेझंट', माणसाच्या वागण्यासाठी 'अनकाइंड' किंवा 'रूड', आणि बोलीभाषेत एकंदर 'नास्टी'. 'अननाइस' असे रूप सामान्य इंग्रजीत वापरीत नाहीत.

६. मुलांची मराठी व त्यांची इंग्रजी

हा भेद मुलांना जड जाईल अशी शंका घेण्याचे कारण नाही. जे मूल इंग्रजीत सर्व गोष्टींना 'नाइस' म्हणते, तेच मूल घरी आपल्या भाषेत किती नेमके बोलते हे पाहावे. घर टुमदार असते, अक्षर वळणदार असते, पाणी निवळशंख असते, आमटी चटकदार असते, घोडा उमदा असतो, गळा गोड असतो, शेजारच्या काकू मायाळू असतात आणि नवी सून सालस असते. टुमदार आमटी किंवा वळणदार पाणी असे कोणतेही मूल चुकूनसुद्धा म्हणत नाही. कोणत्या वस्तूचा कोणता गुण पाहावयाचा हे त्याला आईच्या कडेवरच कळलेले असते. त्याच्या पाहण्यात उणीव नाही. त्या पाहण्यास इंग्रजीत शब्द मिळालेला नाही, एवढेच.

म्हणून मार्ग उघड आहे. 'नाइस'पाशी अडकलेल्या मुलास प्रथम त्याच्या मराठीकडे न्यावे, तेथे त्याला नेमका शब्द सापडू द्यावा, आणि मग त्या शब्दाचा इंग्रजी सोबती त्याच्या हाती द्यावा. इंग्रजीच्या तासाला मराठीचा एकही शब्द नको असे मानणाऱ्यांनी या लाभाचा विचार करावा.

७. पाठाची रूपरेषा

इयत्ता पाचवी. वेळ एक तास. साहित्य : फळा, खडू, मुलांच्या वह्या.

प्रस्तावना : शिक्षकाने फळ्यावर 'द वॉटर इज नाइस' हे वाक्य लिहावे आणि गावातील विहिरीविषयी बोलणे काढावे. संभाषण पुढीलप्रमाणे होऊ शकेल.

"गुरुजी, आमच्या मळ्यातल्या विहिरीचे पाणी छान आहे."

"छान म्हणजे कसे रे?"

"गार."

"गार तर रांजणातलेही असते. आणखी काय?"

"तळ दिसतो, गुरुजी. खालचे खडेसुद्धा दिसतात."

'तळ दिसतो' हे उत्तर आले की पाठाचे अर्धे काम झाले. मुलाने आता शब्द शोधला नाही. त्याने मनाने विहिरीत डोकावून पाहिले.

हेतुकथन : 'नाइस'ऐवजी नेमके शब्द योजावयास आज शिकावयाचे आहे, हे स्पष्ट सांगावे.

विषयविवेचन : गारसाठी 'कूल', तळ दिसणाऱ्या पाण्यासाठी 'क्लिअर' हे शब्द द्यावेत. 'द वॉटर ऑफ अवर वेल इज कूल अँड क्लिअर' असे वाक्य मुलांकडूनच तयार करवून घ्यावे. त्याचप्रमाणे जेवण, मित्र, अक्षर, गोष्ट व हवा या पाच नामांसाठी प्रथम मराठी व नंतर इंग्रजी विशेषणे काढावीत. एका तासात पाच-सहा शब्दांहून अधिक देऊ नयेत.

संकलन : फळ्यावर दोन रकाने आखावेत. डाव्या रकान्यात नाम, उजव्या रकान्यात त्यास शोभणारे विशेषण. मुलांनी ते वहीत उतरवून घ्यावे.

उपयोजन : 'माय व्हिलेज' या विषयावर सहा ओळी लिहावयास सांगाव्यात. 'नाइस' हा शब्द एकदाच वापरण्याची मुभा द्यावी. तो अजिबात वर्ज्य करू नये. वर्ज्य केलेल्या शब्दाची मुलांस धास्ती बसते. एकदाच वापरावयाचा आहे म्हटल्यावर तो कोठे वापरावा याचा मूल विचार करते, आणि तो विचार हाच या पाठाचा हेतू आहे.

८. 'नाइस' कोठे योग्य

या शब्दास वाळीत टाकणे हेही शहाणपणाचे नाही. प्रथम भेटीत 'नाइस टू मीट यू' असे म्हणण्याची इंग्रजी भाषकांची रीत आहे. तेथे दुसरा शब्द शोधत बसल्यास भेटीचा ओलावा जाईल. तसेच जेव्हा वस्तूपेक्षा आपला आनंदच सांगावयाचा असतो, तेव्हा हा साधा शब्द पुरे होतो. सहलीहून दमून आलेल्या मुलाने 'इट वॉज नाइस' म्हटले, तर त्याला लगेच उलटतपासणीस उभे करू नये. दुसऱ्या दिवशी लेखनाच्या तासाला मात्र काय पाहिले, काय आवडले हे विचारावे.

९. शिक्षकांचा शेरा

मुलांचे शब्द मोजताना शिक्षकांनी आपल्याही शब्दांकडे पाहावे. वहीच्या पानाखाली 'छान', 'गुड', 'व्हेरी नाइस' असे शेरे लिहिण्याचा प्रघात सर्वत्र आहे. मूल तो शेरा पाहून आनंदते, हे खरे. पण आपण काय केले म्हणून तो मिळाला आणि उद्या पुन्हा मिळविण्यासाठी काय करावयाचे, हे त्यास कळत नाही. पन्नास वह्यांत तोच शेरा असला की तो वाचलाही जात नाही. हल्ली भ्रमणध्वनीवर आलेल्या प्रत्येक चित्राखाली पाहिल्या न पाहिल्यासारखे करून 'नाइस' लिहिण्याची सवय पुष्कळांस लागली आहे. ती सवय वह्यांत शिरू देऊ नये.

'ळ'चे वळण आज सुधारले आहे. उदाहरणाच्या पायऱ्या ओळीने मांडल्या आहेस. विहिरीचा तळ दिसतो हे वाक्य नेमके आहे. असे शेरे लिहावयास अर्धा मिनिट अधिक लागतो. वर्ग मोठा असेल तर रोज पाच-सहा वह्यांवरच असा शेरा लिहावा व पाळी फिरवावी. पंधरवड्यात कोणीही मूल वंचित राहणार नाही.

याचा सर्वांत अधिक लाभ मागच्या बाकावरील मुलास होतो. ज्याचे अक्षर चांगले नाही, ज्याचे पाढे चुकतात, त्याच्या वहीत 'छान' लिहिण्याचा प्रसंग सहसा येत नाही. खोटे लिहिले तर ते त्यालाही कळते. परंतु नेमक्या शेऱ्यास तेथेही जागा सापडते. दहा शब्दांपैकी सहा चुकले असले तरी चार बरोबर आलेले असतात, आणि ते चार कोणते हे त्यास कोणी तरी दाखवावे लागते. तसेच 'तू चांगला मुलगा आहेस' या वाक्यापेक्षा 'धाकट्या भावाला रोज हाताला धरून शाळेत आणतोस, हे पाहिले आहे' हे वाक्य मुलास अधिक काळ पुरते; कारण आपल्याकडे कोणी तरी खरोखर पाहिले, हे त्यातून त्यास समजते.

१०. स्वाध्याय

(विद्यार्थ्यांसाठी)

१. पुढील वाक्यांत 'नाइस'ऐवजी योग्य शब्द घाला : 'द मँगो इज नाइस.' 'हर हँडरायटिंग इज नाइस.' 'द स्टोरी वॉज नाइस.' 'द मॉर्निंग एअर इज नाइस.'

२. 'काइंड' व 'पोलाइट' यांचा प्रत्येकी एका वाक्यात उपयोग करा. दोन्ही वाक्ये आपल्या ओळखीच्या माणसांविषयी असावीत.

३. पुढील मराठी विशेषणांपुढे योग्य नाम लिहा : टुमदार, निवळ, वळणदार, चटकदार, सालस. त्यांपैकी कोणत्याही तीन शब्दजोड्यांचा आशय इंग्रजीत सांगण्याचा प्रयत्न करा.

४. 'द फूड टेस्ट्स नाइसली' या वाक्यातील चूक दुरुस्त करा.

५. घरातील एखादी वस्तू निवडा. 'नाइस', 'गुड' व 'ब्युटिफुल' हे शब्द न वापरता तिचे वर्णन इंग्रजीत तीन वाक्यांत करा. वर्गातील इतरांना ती ओळखता आली पाहिजे.

(शिक्षकांसाठी)

६. 'शिक्षा', 'राग' व 'साहस' यांसारखे अर्थ पालटलेले आणखी तीन शब्द शोधून केंद्र संमेलनात मांडावेत.

७. मागील आठवड्यात तपासलेल्या वह्यांपैकी दहा वह्या घेऊन त्यांवरील शेरे पुन्हा वाचावेत. ज्या शेऱ्यातून मुलास आपले काय जमले हे कळत नसेल, त्याखाली एक नेमके वाक्य नव्याने लिहावे.